थडग्याला लावलेली चिंच

एका परक्या बाईच्या थडग्याला मी चिंच लावली. नुसती लावली नाही, काथ्याने खसाखसा घासली, वर अर्धं लिंबू पिळलं, आणि ते नीट मुरावं म्हणून झाडाखाली चिवडा खात बसलो. थडग्याचा दगड संगमरवरी होता. आणि मी नोकरीला होतो एका सरकारी कारखान्याच्या धातूला मुलामा चढवण्याच्या, प्लेटिंगच्या विभागात. म्हणजे कशाला आम्ल लावावं आणि कशाला लावू नये हे या माणसाला कळतं, अशा समजुतीवरच सरकार मला पगार देत होतं.

असं का केलं ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

छप्पन्न-सत्तावन्नच्या सुमाराला मी पुण्याहून बंगलोरला आलो. नवं लग्न, नवी नोकरी आणि गावात ओळखीचं कोणी नाही. कारखान्यातल्या बाकीच्या मराठी मंडळींची बिऱ्हाडं एकमेकांच्या आसपास होती. आम्हाला जागा मिळाली ती लांब कंटोन्मेंटात, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या आणि परसात एक नळ. त्या खोल्या म्हणजे पूर्वीचा तबेला. घरमालकीणबाईंनी भाडं ठरायच्या आधीच हे सांगून टाकलं, आणि घोडा फार स्वच्छ होता असंही सांगितलं.

बाई अँग्लो-इंडियन. सत्तरी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मी त्यांना तोंडावर 'मिस' म्हणायचो आणि घरात 'बाई'. त्या मला 'यंग मॅन' म्हणायच्या, तेही अशा सुरात की आपण गृहपाठ केलेला नाही असं वाटावं. माझ्याशी त्या इंग्रजीत बोलत, बायकोशी मात्र कानडीत. बायको मूळची बेळगावची, पण वडिलांच्या बदलीमुळे तिची सगळी शाळा धारवाडला झालेली, त्यामुळे तिला कानडी लिहितावाचता यायचं. बाईंचं कानडी लहानपणी सांभाळणाऱ्या आयांच्या कडेवर बसून उचललेलं. बोलायच्या भराभर, वाचता एक अक्षर येत नव्हतं. दोघींचं पहिल्या आठवड्यातच जमलं. ही त्यांना 'अज्जी' म्हणू लागली, त्या हिला 'मगळे' म्हणू लागल्या, म्हणजे 'मुली'. मला तोवर बाजारातले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, एवढे दोनच शब्द येत होते. 'मगळे' हा तिसरा. तिथे माझं कानडीचं शिक्षण बरीच वर्षं थांबलं.

एका रविवारी सकाळी बाईंनी मला बोलावलं. हातात बागेतली फुलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. माझ्याकडे सायकल आहे हे त्यांनी हेरलं होतं. कंटोन्मेंटच्या टोकाला जुनी ख्रिस्ती दफनभूमी आहे, तिथे त्यांची आई आहे, गुडघ्यांमुळे आता जाणं होत नाही, तर मी फुलं ठेवून यावं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे असं उगाच कोणी तिकडे जात नाही, हे सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण भाड्याची जागा, भूगोलाच्या बाई आणि तो सूर. मी फुलं घेतली आणि निघालो.

परत आलो तर दाराला आतून कडी. बायको खिडकीतूनच म्हणाली, "तिथेच थांबा. नळाखाली बादली भरून ठेवलीय. आंघोळ झाल्याशिवाय आत यायचं नाही."

मी म्हटलं, अगं कोणी गेलेलं नाही, नुसती फुलं ठेवून आलो. ती म्हणाली, "लोक रागावले की दुसऱ्याला मसणात जा म्हणतात. तुम्ही आपले आपण जाता, ते पण सायकल मारत."

अंगावरच्या कपड्यांनिशी मी आंघोळ केली. बंगलोरची थंडी गोड असते असं जे लोक सांगतात, त्यांनी ती नळाखाली बसून घेतलेली नसते.

पुढच्या रविवारी पुन्हा फुलं, पुन्हा सायकल, पुन्हा बादली. दर आठवड्याला परसात ओलेत्याने कुडकुडणारा माणूस बघून शेजाऱ्यांनी काय समजायचं? कुंपणापलीकडे पोस्टातून निवृत्त झालेले एक तमिळ गृहस्थ राहायचे. त्यांनी काही आठवडे कळ काढली आणि मग एका संध्याकाळी अंगवस्त्र सावरत, चेहरा पाडून आमच्या दारात उभे राहिले. पुण्याकडे कसली साथ चालू आहे का, असं त्यांनी फार हळुवारपणे विचारलं. एकाच घराण्यात एवढी माणसं जावीत याचं त्यांना वाईट वाटत होतं. मी खरं काय ते सांगितलं. त्यावर त्यांचा चेहरा आणखी पडला. इतके दिवस त्यांना माझ्या नातेवाइकांची काळजी होती, ती आता माझी वाटू लागली.

खरं सांगायचं तर मला तिथे जायला आवडू लागलं होतं. बंगलोरात मला कोणी ओळखत नव्हतं. तिथेही कोणी ओळखत नव्हतं, पण निदान तिथली मंडळी आपलं नाव, गाव, धंदा सांगत तरी होती. फुलं ठेवली की मी इकडेतिकडे हिंडायचो. गुडघाभर गवत, वाकलेले क्रॉस, कुठे एका कोपऱ्याने जमिनीत गेलेला दगड. वाचलेलं डोक्यात ठेवायचं, आंघोळ करायची, आणि केस पुसत बाईंच्या व्हरांड्यात जायचं. बाई वेताच्या खुर्चीत वाट बघत असायच्या. मी नाव आणि धंदा सांगायचो, बाकीचं त्या सांगायच्या.

एक होता पाववाला. पलटणीला पाव पुरवणारा. त्याची भट्टी कुठे होती ते बाईंनी सांगितलं, तेव्हा कळलं की कारखान्यात जाताना मी रोज त्याच भिंतीला वळसा घालतो. एक घोड्यांचा डॉक्टर. मोटारी आल्या तेव्हा त्याने मोटारींना शिव्या दिल्या आणि शेवटी एका मोटारीतूनच त्याला दफनभूमीपर्यंत नेलं. आमच्या तबेल्यातला तो स्वच्छ घोडा त्यानेच तपासलेला. एक बाई कोलारच्या खाणीतून येणाऱ्या साहेबांसाठी खानावळ चालवायची, आणि जेवायला बसण्याआधी सगळ्यांना हात धुवायला लावायची, कारण तिला खात्री होती की त्यांच्या नखांत सोनं असतं. आणि एक माळी होता. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे या गावात फ्लॉवर पहिल्यांदा त्याने लावला. खरंखोटं त्या जाणोत. पण त्या रविवारी आमच्याकडे नेमकी फ्लॉवरची भाजी होती, आणि मी पहिला घास घेताना त्या माळ्याचे मनातल्या मनात आभार मानले. अजूनही फ्लॉवर खाताना मला तो दगड आठवतो. बायको म्हणते, म्हणूनच मी ती भाजी कमी करते.

एकदा मी एका रांगेतल्या लहान लहान दगडांबद्दल सांगितलं. सगळी मुलं, सगळी एकाच पावसाळ्यातली. बाईंनी फुलं उरली होती का, एवढंच विचारलं. पुढच्या रविवारी फडक्यात दुप्पट फुलं होती.

अशी त्या शहराची आणि माझी ओळख झाली, खालून वर. तेव्हा बंगलोर म्हणजे एक गाव नव्हतं, दोन होती. एक जुनी पेटे, म्हणजे आपली पेठ, दाटीवाटीची, विणकरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या गल्ल्यांची. दुसरं आमचं कंटोन्मेंट, पलटणीसाठी वसवलेलं. मध्ये मोठी बाग. कागदावर दोन्ही एक झाली होती, पण बाईंसारखी माणसं अजून बागेच्या अलीकडेच राहत होती. जन्म या गावातला असून पेटेत त्या आयुष्यात दोन-चारदाच गेल्या होत्या. तिकडे आपलं कोणी नाही, असं म्हणायच्या.

आता त्यांच्या आईबद्दल. बाईंचे वडील पलटणीच्या बँडमध्ये होते, विलायतेहून आलेले. आई इथलीच, लग्नासाठी ख्रिस्ती झालेली. बाई अंगणात रांगत होत्या तेव्हा ती गेली. वडिलांनी थोड्याच दिवसांत दुसरं लग्न केलं, आणि पहिल्या बायकोबद्दल त्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही. थडगं मात्र वडिलांनी चांगलं बांधलं होतं. खाली काळसर दगडाचा चौथरा, त्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर काळ्या रंगाने भरलेली इंग्रजी अक्षरं. चौथऱ्याची खालची कड मातीत गेलेली, तिच्यावर कसलीशी बारीक नक्षी.

बाई दर खेपेला विचारायच्या, दगड कसा आहे? मी सांगायचो, ठीक आहे. अक्षरं दिसतात? दिसतात. आणखी काय आहे? तेव्हा मी सांगायचो की खाली वेलबुट्टी आहे, फार सुंदर आहे. पुढेपुढे मला त्या वेलबुट्टीचा अभिमानच वाटू लागला होता. काठावर पानं कशी वळली आहेत, कळ्या कशा आहेत, हे मी हातवारे करून सांगायचो. बाई ऐकत राहायच्या.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग बाईंनी बंगला विकला. त्यांच्यासारखी बरीच कुटुंबं तेव्हा गाव सोडून चालली होती. सावत्र बहीण ऑस्ट्रेलियात होती, ती बोलवत होती. आम्हीही जयनगरकडे जागा बघितली. बाईंची गाडी ठरली, आणि निघण्याआधीच्या रविवारी, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो, त्या स्वतः दफनभूमीत येणार असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, मिस, कशाला त्रास, मी वाचून दाखवतोच की.

त्या म्हणाल्या, "मला तिचा चेहरा आठवत नाही. फोटो नाही. दुसऱ्या आईने घर आवरलं तेव्हा सगळं आवरलं. तिचं म्हणून जगात तेवढी अक्षरं आहेत. डाव्या डोळ्याला अजून पांढऱ्यावरचं काळं दिसतं, अगदी जवळ गेलं तर. पुढच्या वर्षी दिसणार नाही. मला ती माझ्या डोळ्यांनी वाचायची आहेत, यंग मॅन. तू वाचलेली नकोत."

हे ऐकून शहाण्या माणसाने काय केलं असतं? काही केलं नसतं. पण माझ्या डोक्यात इंजिनिअर जागा झाला. बाईंना पांढऱ्यावरचं काळं दिसतं. म्हणजे पांढरं जितकं जास्त पांढरं तितकं काळं जास्त काळं. पाटीवर शेवाळ्याचे डाग होते, पावसाचे ओघळ होते. पाटी लख्ख केली की काम झालं. आणि लख्ख कशाने करायची, तर आमच्या घरी सणाच्या आदल्या दिवशी देवाची भांडी चिंचेने घासली की सोन्यासारखी निघतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्या भांड्यांचं पितळ आणि त्या पाटीचा संगमरवर यांत काही फरक असतो, हे मला कारखान्याच्या फाटकाबाहेर आठवलं नाही. बायकोच्या बरणीतली चिंच मी कागदात बांधली, लिंबू खिशात टाकलं, चिवड्याची पुडी घेतली आणि बाईंच्या त्या रविवारच्या आठवडाभर आधी कामाला लागलो.

लिंबू पिळल्यावर दगडावर बारीक बुडबुडे आले. मळ निघतोय असं वाटून मी खूश झालो. कारखान्यात असे बुडबुडे दिसले असते तर मी ओरडून माणसं बाजूला काढली असती.

चिवडा संपवून मी पाणी ओतलं. चौथऱ्याची कडसुद्धा घासून, माती बाजूला करून स्वच्छ केली. मग उठून लांबून बघितलं. पाटी पांढरी झाली होती यात शंका नाही. खडूसारखी पांढरी. पॉलिश उडालेलं, आणि अक्षरांतला काळा रंग सगळा माझ्या काथ्याला आलेला. अक्षरं मुळातच उथळ. पांढऱ्यावर पांढरं. मला, चांगल्या डोळ्यांच्या माणसाला, ती हातभर अंतरावरून वाचता येईनात.

तिथला म्हातारा राखणदार येऊन बघून गेला. जाताना मला पाण्यासाठी दिलेली आपली बादली तेवढी त्याने उचलून नेली.

घरी आलो तो नळाखाली बसूनच बायकोला खिडकीतून सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, "कुठली चिंच? ती जुनी, सारासाठी ठेवलेली?" मी हो म्हटलं. मग म्हटलं, कारखान्यातला काळा रंग आणतो, बारीक ब्रश आणतो, भरतो अक्षरं. ती म्हणाली, "तुम्ही आता त्या दगडाला हात लावायचा नाही."

एका आठवड्याने बाई वाकून त्या पाटीवर डोळा लावणार होत्या आणि त्यांना कोरी पाटी दिसणार होती. माझ्यामुळे. तो आठवडा मी बाईंना तोंड दाखवायचं टाळत काढला. कारखान्यात कामगारांना आम्लाच्या हौदाजवळ काळजी घ्या असं सांगताना माझी जीभ अडखळायला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता बायकोने विचारलं, "अज्जींची आई गेली तेव्हा त्यांचे वडील होते ना?"

होते की, म्हटलं. नंतर दुसरं लग्न केलं त्यांनी.

"म्हणजे सवाष्ण गेली," ती म्हणाली, आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

शनिवारी दुपारी तिने चांगली साडी नेसली, देवघरातला कुंकवाचा करंडा रुमालात बांधला, थोडं खोबरेल तेल आणि उदबत्तीच्या काड्या घेतल्या आणि सायकलच्या कॅरियरवर बसली. आमच्याकडच्या बायका स्मशानाची वाट धरत नाहीत. तिच्या आईला हे कळलं असतं तर काय झालं असतं, त्याचा विचार मी पायडल मारता मारता केला आणि सोडून दिला.

थडग्यापाशी तिने आधी पाटीवर हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार. मग खाली बसून कुंकवात तेल कालवलं आणि उदबत्तीच्या काडीने एकेक अक्षर भरायला लागली. खडूसारख्या पांढऱ्या दगडावर लाल अक्षरं उठू लागली. मी म्हटलं, बघ, पॉलिश उडालं म्हणून कुंकू धरतंय, गुळगुळीत असतं तर ओघळलं असतं. तिने काडी थांबवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दोन थडगी पलीकडे जाऊन उभा राहिलो.

पाटी भरून झाली. करंड्यात कुंकू उरलं होतं. ती म्हणाली, ही खालची वेलबुट्टी पण भरते. मी म्हटलं, राहू दे, उगाच कशाला. तिने ऐकलं नाही. दोन-तीन वळणं भरली आणि ती थांबली. मागे सरकली. मी धुऊन काढलेल्या त्या कडेवरची उरलीसुरली माती तिने पदराच्या टोकाने पुसली.

"अहो," ती म्हणाली, "ही वेल नाही."

मग तिने बोट ठेवून सावकाश, शाळेतल्यासारखं वाचलं. कानडी होतं. झिजलेलं, गोल गोल, एकमेकांना लागलेलं कानडी. ऐकताना मला त्यातला मधला एकच शब्द ओळखू आला. 'मगळु'.

तिने मराठीत सांगितलं. पेटेतल्या अमक्या विणकराची मुलगी, आणि पुढे तिचं नाव. ख्रिस्ती होण्याआधीचं नाव. इथे मी ते लिहीत नाही, ते बाईंचं आहे. पण साधं, घरगुती नाव होतं, पेटेतल्या कुठल्याही गल्लीत हाक मारली तर तीन-चार बायकांनी 'ओ' दिली असती असं.

मी तिथेच गवतात बसलो. इतकी वर्षं मी बाईंना त्यांच्या आईच्या नावाची पानं आणि कळ्या हातवारे करून सांगत होतो.

अज्जींना आत्ताच सांगायचं का, असं मी विचारलं. बायको म्हणाली, "त्या म्हणाल्यात ना, मी स्वतः वाचणार. मग वाचू देत की." आणि तिने सगळी ओळ भरली.

परत आलो तेव्हा मी सवयीने नळाकडे वळलो आणि शर्टाची बटणं काढायला लागलो. ही सरळ आत गेली आणि तिने चहा ठेवला. मी दारातून विचारलं, आंघोळ? ती म्हणाली, "सवाष्णीकडे जाऊन आलो. आंघोळ कसली?"

त्यानंतर आम्ही कित्येक वर्षं तिकडे जात राहिलो. जयनगर लांब पडायचं, तरी संक्रांतीच्या आसपास ही करंडा घ्यायची आणि अक्षरं पुन्हा भरून यायची. मी पाववाल्याला, घोड्यांच्या डॉक्टरला आणि फ्लॉवरवाल्याला भेटून यायचो. त्या लहान दगडांच्या रांगेला फुलं ठेवायचो. या शहराने मला नोकरी दिली, घर दिलं, हे खरं. पण मला या शहरात आत कोणी घेतलं असेल तर ते त्या मंडळींनी, आणि त्यांची ओळख करून देणाऱ्या बाईंनी. मी परका आहे असं तिथे कधी कोणी म्हणालं नाही. म्हणण्याच्या स्थितीत कोणी नव्हतं हे मान्य, पण तरीही.

तर तो रविवार. बाईंसाठी जटका आणला, म्हणजे तिकडचा टांगा. बाईंनी चर्चला जायची टोपी घातली होती. वाटेत मला एकच भीती. बाई नेमाने चर्चला जाणाऱ्या. आईच्या पाटीवर हिंदू बायकांचं कुंकू बघून त्यांना काय वाटेल? चिंचेची गोष्ट तर मी अजून सांगितलेलीच नव्हती. ती मी दफनभूमीच्या फाटकाशी, त्यांना खाली उतरवताना, एका दमात सांगून टाकली. त्यांनी ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, "तू रसायनाचं काम करतोस ना?"

थडग्यापाशी आम्ही सतरंजीची घडी ठेवली. बाई दोघांच्या आधाराने गुडघ्यांवर टेकल्या आणि डावा डोळा पाटीजवळ नेला. मग हे लाल काय आहे, असं विचारलं. बायकोने कानडीत सांगितलं, कुंकू. नवरा असताना गेलेल्या बाईला आमच्याकडे कुंकू लावतात, मान असतो तिचा, तुमची आई तशी गेली म्हणून.

मी राखणदाराच्या बादलीकडे बघत उभा राहिलो, लागली तर पाटी धुवायला. मग बाईंनी अगदी हळू, पहिलीतल्या मुलीसारखं, एकेक इंग्रजी अक्षर म्हणायला सुरुवात केली. नाव झालं. आडनाव झालं. खाली वडिलांनी लिहिलेलं, प्रिय पत्नी, तेही झालं. त्यांनी श्वास सोडला आणि उठायला हात पुढे केला.

बायकोने तो हात धरला, पण वर ओढला नाही. खाली चौथऱ्याच्या कडेवर ठेवला. पहिल्या अक्षरावर त्यांचं बोट टेकवून ते अक्षर म्हणाली. बाईंनी मागून म्हटलं. दुसरं अक्षर. तिसरं. विणकराचं नाव झालं. 'मगळु' आलं तेव्हा बाई थांबल्या, हिच्याकडे बघितलं. "पुढे आहे अज्जी," ही म्हणाली. मग ते नाव आलं. बाईंनी ते एकदा वाचलं. आणि मग पुन्हा म्हटलं, पण वाचल्यासारखं नाही, दुसऱ्या खोलीतल्या कोणाला तरी हाक मारावी तसं.

हे कोणी कोरून घेतलं असेल यावर दोघींचा तिथेच वाद झाला. बाई म्हणत होत्या, वडिलांनी. ही म्हणत होती, त्या विणकराने, नाहीतर चौथऱ्याच्या पायाशी कशाला, पाटीवरच नसतं का? ते आजतागायत ठरलेलं नाही. बाईंनी बोटाला लागलेलं कुंकू हातरुमालाला पुसलं, रुमालाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. जाताना जटका पेटेतून न्यायचा, असं त्यांनी मला सांगितलं. विणकरांच्या गल्लीतून.

मग त्या उभ्या राहिल्या, टोपी नीट केली आणि माझ्याकडे वळल्या. "यंग मॅन, ती वेलबुट्टी कुठे आहे? पानं, कळ्या?"

मी खाली बघत उभा राहिलो. बायको मदतीला आली नाही. बाईंनी तिच्याकडे वळून कानडीत काहीतरी लांबलचक सांगितलं आणि दोघी इतक्या हसल्या की राखणदार फाटकापासून बघायला लागला. मला त्यातलं फक्त 'मगळे' कळलं. काय म्हणाल्या, असं मी विचारलं.

बायकोने पदराने डोळे पुसले. "म्हणाल्या, मुली, याला आधी वाचायला शिकव. मग मसणात धाड."